भाऊंचं बिनतारी कार्ड

भाऊंच्या स्टुडिओला तीन कुलपं होती आणि आत चोरण्यासारखं फारसं काही नव्हतं. दोन दिवे, दोन पांढऱ्या छत्र्या, भिंतीवर गुंडाळलेला करडा पडदा आणि गिऱ्हाइकाला बसायचं फिरतं स्टूल. मागच्या बोळकांडीत पूर्वी डार्करूम होती, तिथे आता माझं टेबल, कॉम्प्युटर आणि प्रिंटर. कॅमेरा तर भाऊ घरीच घेऊन जायचे. तरी संध्याकाळी कुलपं लावली की प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढायचे. सगळा रस्ता त्यांना कुलूपकाका म्हणायचा. समोरचा चष्मेवाला म्हणायचा, हा माणूस आरशात बघतानासुद्धा समोरच्याला ओळखपत्र मागत असेल. मी भाऊ म्हणते, बावीस वर्षं म्हणतेय.

माझं काम फोटो दुरुस्त करायचं. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं करायची, मग कॉम्प्युटरवर शिकले. चेहऱ्यावरचे डाग काढायचे, मिटलेले डोळे उघडायचे, ओळखपत्राच्या फोटोत माणूस गुन्हेगार दिसत असेल तर त्याला जरा कमी गुन्हेगार करायचं. वर्गाच्या ग्रुप फोटोत तर ही कला फारच लागते. पन्नास मुलं उभी केली की एक डोळे मिटतो, दुसरा नाकात बोट घालतो. म्हणून भाऊ एकाच जागेवरून पाच-सहा फोटो काढायचे आणि मी एका फोटोतलं डोकं उचलून दुसऱ्या फोटोतल्या धडावर बसवायची. या गावात अशी कितीतरी मोठी माणसं फिरतात ज्यांच्या शाळेच्या फोटोतलं डोकं आणि धड एकाच क्षणाचं नाही. त्यांना याची कल्पना नाही आणि मी सांगणारही नाही.

भाऊंचा संशय सगळ्यांवर सारखा असायचा, त्यात आपपर नव्हतं. प्रिंटच्या शंभर कागदांच्या पाकिटात एकदा एकशे एक निघाले, तर आठवडाभर ते कंपनीचा यात काय डाव असेल याचा विचार करत होते. हे हसण्यावारी नेता येतं. पण याच स्वभावापायी त्यांची एकुलती एक लेक दुरावली.

पाच वर्षांपूर्वी ती रोज दुपारी कुठेतरी जायची आणि घरी सांगायची नाही. भाऊंनी कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स लावली आणि चार दिवस तिच्या मागे हिंडले. पोरगी जात होती शिकवणीला. लांबच्या शहरातल्या नोकरीची परीक्षा होती, नापास झाले तर हसं नको म्हणून बोलली नव्हती. भाऊंचा जीव भांड्यात पडला, पण त्यांनी ते फोटो छापून एका पाकिटात ठेवले होते आणि ते पाकीट नेमकं तिच्याच हाती लागलं. रस्ता ओलांडताना ती, बसची वाट बघताना ती, शिकवणीच्या जिन्यात ती. परीक्षा पास झाली आणि गेली. आईशी रोज फोनवर बोलायची, बापाशी एक शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनी, म्हणजे तिची आई, वारल्या तेव्हा आली, तीन दिवस राहिली, भाऊ ज्या खोलीत असतील तिथून उठून दुसऱ्या खोलीत बसली आणि निघून गेली. भाऊ त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आता मूळ गोष्ट.

कॅमेऱ्याची मेमरी कार्डं भाऊ एका पत्र्याच्या डबीत ठेवायचे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला, एक ते आठ. काम करून आले की कार्ड माझ्या हातात द्यायचे, मी फोटो उतरवून घ्यायची. सात-आठ महिन्यांपूर्वी एक नववं कार्ड आलं, निळं. ते मात्र कधी माझ्या हातात द्यायचे नाहीत. स्वतः उठून कॉम्प्युटरला लावायचे, स्वतः काढून खिशात टाकायचे.

"हे काय नवीन?" मी एकदा विचारलं.

"कार्डच आहे. कार्डासारखं कार्ड."

माझ्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षांत मला त्यांचा थोडा गुण लागलाच होता. पण माणसाला वयानुसार नवीन खुळं लागतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग शाळेचं प्रकरण झालं. त्या शाळेचे वर्गफोटो भाऊ तीस वर्षं काढत होते. शाळेचा नियम कडक. शाळेनं वाटल्याशिवाय एकाही मुलाचा फोटो बाहेर जाता कामा नये, तसं लिहून घेतलेलं. फोटो काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंचा निरोप आला, दोघांनीही ताबडतोब या. आम्ही गेलो. मोठ्या बाईंनी फोन टेबलावर सरकवला. पाचवीच्या वर्गाचा फोटो, कालचाच.

"पालकांच्या ग्रुपवर कालपासून फिरतोय," बाई म्हणाल्या. "मी अजून एकही फोटो पाहिलेला नाही, आणि अर्ध्या गावानं पाहिला. लेकरांचे चेहरे आहेत हे. कोणी दिला?"

भाऊंनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंसमोर, दारात उभ्या असलेल्या शिपायासमोर, ते म्हणाले, "कॅमेरा माझ्याकडे असतो आणि मशीन हिच्याकडे. मध्ये तिसरं कोणी नाही."

कानशिलात बसावी तसं झालं मला. मी फक्त बाईंना म्हटलं, तो फोटो मला पाठवा. त्यांनी पाठवला, पण माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर बदललेली होती. परत येताना भाऊ रस्त्यात एकदाच बोलले.

"शनिवारपर्यंत सांग कोणाला दिलास. सांगितलंस तर मी बाईंना समजावतो. नाही सांगितलंस तर सोमवारी येऊ नकोस."

तो दिवस बुधवार होता. नोकरीचं मला इतकं नव्हतं. बोटात कसब आहे, कुठेही चार घास मिळतील. पण बावीस वर्षं ज्या गावाचे चेहरे मी नीट केले, त्याच गावात मला फोटोचोर म्हणून तोंड दाखवावं लागणार होतं. आणि म्हणणारा माणूस कोण, तर भाऊ. संताप संताप झाला माझा.

टेबलाशी बसून मी तो फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या ओळीत, डावीकडून चौथा, बेकरीवाल्याचा नातू. जीभ बाहेर काढून उभा. आणि मी ताठ बसले. कारण ती जीभ मी काल संध्याकाळी आत घातली होती. दुसऱ्या फोटोतलं शहाणं तोंड त्याला लावलं होतं. म्हणजे बाहेर गेलेला फोटो माझ्या हाताखालून गेलेलाच नव्हता.

चष्मेवाल्याचा नातू त्याच वर्गात. चष्मेवाल्याकडे गेले, म्हटलं पालकांचा ग्रुप दाखव.

"बेकरीवाल्याच्या सुनेनं टाकलाय," तो म्हणाला. "दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. तिला विचारलं तर म्हणते, बाहेरगावच्या मैत्रिणीनं पाठवला. नाव काही सांगत नाही."

भाऊ काल शाळेतून घरी जेवायला गेले होते आणि स्टुडिओत पोचले पाच वाजता, म्हणजे तीनला फोटो माझ्या मशीनवर आलेच नव्हते. मी धावतच परत आले, त्यांना जीभ दाखवली, वेळ सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"जीभ तुझ्याकडे मूळ फोटोतही असतेच की. आणि फोनमधली वेळ काय, हवी तशी बदलता येते."

"भाऊ, साठ पालकांच्या फोनमधली वेळ मी बदलली?"

"तू म्हणजे तूच असं मी कुठे म्हणतोय? शक्यता सांगतोय."

मग मीही ठरवलं, आता शक्यताच शोधायच्या.

गुरुवारी दुपारी प्रिंटर वायफायवर येईना म्हणून मी कॉम्प्युटरवर वायफायची यादी उघडली. आमचं नेटवर्क, चष्मेवाल्याचं, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचं, आणि एक चौथं. नाव म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. बाहेर भाऊ एका बाईच्या ओळखपत्राचा फोटो काढत होते. फोटो झाला, त्यांनी कॅमेरा बंद केला आणि यादीतलं ते चौथं नाव नाहीसं झालं. पुढचं गिऱ्हाईक आलं, कॅमेरा चालू झाला, नाव परत आलं. मी चार गिऱ्हाइकं हा खेळ बघत बसले. चौथं गेल्यावर बाहेर आले आणि दाराला आतून कडी घातली.

"भाऊ, ते नऊ नंबरचं कार्ड वायफायचं आहे. कॅमेऱ्यातून फोटो हवेत सोडतंय. ते घेतंय कोण?"

त्यांचा चेहरा पडला. कॅमेऱ्याची बॅग त्यांनी पोटाशी धरली.

"बॅगेत काय आहे?"

"काही नाही."

"बावीस वर्षांत मी तुमच्या बॅगेला हात लावला नाही. आज उलटी करीन."

त्यांनी स्वतःच तळाची चोरकप्प्याची चेन उघडली. आत वहिनींचा फोन. निळ्या फुलांच्या कव्हरासकट. चालू.

मी स्टुलावर बसले. भाऊ उभ्यानंच, भिंतीकडे बघत, सगळं बोलले. बाजारात दुकानदारानं त्यांना हे बिनतारी कार्ड दाखवलं होतं. कॅमेऱ्यात फोटो निघाला की त्याची एक प्रत आपोआप जवळच्या फोनमध्ये जाते, कुणाला पत्ता लागत नाही. भाऊंना हे पत्ता न लागणं फार आवडलं. वहिनींचा फोन कपाटात पडून होता. त्यांनी तो आवाज बंद करून बॅगेत ठेवला आणि सात महिने रोज संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, फोनमधले फोटो आणि माझ्या मशीनवरचे फोटो ताडून पाहिले.

"कशासाठी?"

"एखादा तू बाजूला काढतेस का बघायला."

"मग? सापडला?"

"नाही."

"सात महिन्यांत एक?"

"एकही नाही."

"म्हणजे मी चोर नाही याचा पुरावा रोज तुमच्या हातात होता, आणि तरी त्या बाईंपुढे तुम्ही..." त्यांनी मान खाली घातली. खरं सांगते, तेव्हा एक शब्द बोलले असते तर मी बसलेलं स्टूल उचलून फेकलं असतं.

थोड्या वेळानं डोकं चालायला लागलं. फोन बॅगेत, बॅग भाऊंच्या खांद्याला. मग फोटो गेला कसा? मी फोन हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात सिमकार्डाच्या रेंजच्या सगळ्या रेघा दिसत होत्या.

"वहिनींचा नंबर अजून चालू ठेवलात?"

"बंद केला की कंपनी तो दुसऱ्याला देते," ते म्हणाले. "कोणाला देईल, काय सांगावं."

मी फोटोंचं पान उघडलं. वहिनींच्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप एका अल्बममध्ये जात होता. तो अल्बम दोघींचा होता, आईचा आणि लेकीचा. लेक गेली तेव्हा वहिनींनीच तो करून घेतला असणार, कुंडीला फूल आलं, मांजर व्यालं, असं काही दाखवायला. भाऊंना तो ठाऊकच नव्हता. ते आपले कार्डाचं फोल्डर उघडायचे, फोटो ताडायचे, बंद करायचे. शाळेत कॅमेरा बंद झाला, फोन कार्डावरून सुटून आपल्या इंटरनेटवर आला, आणि सगळी पाचवी दूरच्या शहरात जाऊन पोचली. राखण करायला बसवलेलं कुंपणच शेत खात होतं.

आणि फोटोंखाली लिहिलेलं होतं. सात महिन्यांचं.

पहिल्या फोटोखाली, "आईच्या फोनवरून पाठवताय. कळलं मला. थँक्यू बाबा." एका तान्ह्या बाळाखाली, "हे तुमच्यासारखंच कपाळाला आठी घालून जन्मलंय." ठोकर बसलेल्या गाडीच्या फोटोखाली, "अजून विमेवाल्यांची कामं करता? पाय दुखतात ना?" एका ओळखपत्राखाली, "डावा दिवा मिणमिणतोय बाबा, नाकाची सावली बघा." तो दिवा खरंच मिणमिणत होता. मी दोनदा सांगितलं होतं, भाऊंना पटलं नव्हतं. आणि पाचवीच्या वर्गाखाली, "तिसऱ्या ओळीतला जीभवाला माझ्या मैत्रिणीचा! तिला पाठवला, हसून मेली."

भाऊ चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून वाचत होते. एकेक फोटो, एकेक ओळ. मला त्यांचा राग आलेला होता, अजूनही होता, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

"तिला वाटलं मी पाठवतोय," ते म्हणाले.

मी विचार केला. मग म्हटलं, "वाटू दे. मी तिला फोन करते. पुढे कोणाला पाठवू नकोस एवढंच सांगते. बाईंना सांगू, फोनमध्ये बिघाड होता. पाळतीचं कोणाला कळायचं कारण नाही."

हे मी का म्हटलं मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्यासाठी नाही म्हटलं, त्या पोरीसाठी म्हटलं. या स्टुलाखाली ती लहानपणी झोपायची.

माझ्या फोनवरून तिला लावला, आवाज मोठा केला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

"मावशी? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत गं. ते शाळेचे फोटो तेवढे कोणाला पाठवू नकोस. इथे जरा गोंधळ झालाय."

"अगं बाई. बाबांना बोलणी बसली का?"

"नाही, मला बसली. म्हणजे, मिटलं ते."

पलीकडे ती थांबली. तिचं ते थांबणं मी ओळखते, बापाचं आहे.

"तुला का? फोटो बाबांनी पाठवले, तर बोलणी तुला का?"

"तसं नाही..."

"मावशी, खरं सांग. बाबांनी पाठवलेच नाहीत ना? आईचा फोन तू उघडलास? त्यांच्या नकळत तू पाठवत होतीस मला? दया आली म्हणून?"

"नाही गं."

"मग खोटं का बोलतेस? सात महिने मला वेड्यात काढलंस तू. आईच्या फोनवरून! तुला काहीच कसं वाटलं नाही?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा मी चोर झाले. या वेळी चांगुलपणापायी. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांना काहीही करायची गरज नव्हती. गप्प बसले असते तर लेक माझ्यावर रागावली असती, त्यांच्यावर नाही. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी बोलतोय."

पलीकडून तिनं फोन ठेवला नाही.

"ती खोटं बोलली, पण माझ्यासाठी बोलली. आईचा फोन तिनं आज पहिल्यांदा हातात घेतला. तो माझ्या बॅगेत होता. मी तिच्यावर पाळत ठेवून होतो. फोटो तुझ्याकडे जातात हे मला ठाऊक नव्हतं. तुझं लिहिलेलंही आज वाचलं."

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतेच."

"नव्हते."

"म्हणजे याही वेळी पाळतच."

"हो."

फोन कट झाला. भाऊंनी तो टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "कशाला सांगितलंत? पाच वर्षांनी पोर बोलत होती."

"तुझ्यावर आळ येत होता," ते म्हणाले.

शुक्रवारी ते एकटेच शाळेत गेले. काय बोलले मला माहीत नाही, पण दुपारी मोठ्या बाईंनी मला स्वतः फोन केला आणि माफी मागितली. भाऊंनी मागितली नाही. सोमवारी ये किंवा येऊ नकोस, काहीच म्हणाले नाहीत. मी गेले. नऊ नंबरचं कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. वहिनींचा फोन आता गल्ल्यावर, सगळ्यांना दिसेल असा.

"हे बंद करायचं का?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "शाळेच्या कामाला दुसरं कार्ड वापरू."

गिऱ्हाइकांना विचारून, ज्यांची हरकत नसेल त्यांचेच फोटो त्या कार्डावर निघू लागले. ते जात होते, पण खाली कोणी काही लिहीत नव्हतं. भाऊ दर तासाला चष्मा चढवून बघायचे. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी त्यांनी दिवे लावले, करडा पडदा सोडला, कॅमेऱ्यात निळं कार्ड घातलं आणि कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

"मला कुठे येतं!" मी घाबरले. त्या कॅमेऱ्याला मी कधी बोट लावलं नव्हतं.

"बटण दाबायचं. बाकी मी लावून ठेवलंय."

ते स्टुलावर जाऊन बसले. कॉलर सारखी केली. दुसऱ्याला हनुवटी वर करा, खांदे सोडा असं सांगणारा माणूस, स्वतः हात कुठे ठेवावेत हे न कळून ते मांडीखाली घालून बसला. माझे हात कापत होते. दाबलं एकदाचं.

दोघंही गल्ल्यापाशी उभे राहिलो. वीस मिनिटं गेली. चष्मेवाला डोकावून गेला, त्याला भाऊंनी हातानंच घालवलं. मग फोन थरथरला. भाऊंनी तो उचलला, नाकाशी धरला आणि मोठ्यानं वाचलं.

"हा बाबांनी काढलेला नाही, हललाय. मावशी, तू काढलास ना? बाबा इतके वाळलेत, अर्धे राहिलेत, आणि तू मला एका अक्षरानं कळवलं नाहीस. माझ्यापासून का लपवलंस?"

भाऊंनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"खरंच," ते म्हणाले, "का लपवलंस?"

खाण तशी माती, दुसरं काय. मला रागवावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.